अण्णांची तीन सेलची बॅटरी आणि काळे पडणारे बल्ब

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

काल रात्री पाचवा बल्ब गेला. दसऱ्यापासूनचा पाचवा. म्हणून आजपासून ही वही.

वस्तू अशी: अण्णांची पितळी बॅटरी, तीन मोठ्या सेलची. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि आत घालतात ते सेल. वहीतही तेच चालू ठेवतो. वरचं निकेल बहुतेक उडालंय, खटक्याशेजारी अंगठा बसतो तिथे पितळ लख्ख पिवळं. बल्ब आटेवाला, त्याच्या कॉलरवर बारीक अक्षरांत ३.८ व्होल्ट, ०.३ अँपिअर.

तक्रार अशी: नवा बल्ब पहिल्या रात्री झकास. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री काच धुरकट. मग आतून काजळी धरल्यासारखी काळी, झोत तांबूस. आणि एके रात्री खटका सरकवला की एकच चमक, मग अंधार. काल ही चमक कांद्याच्या वाफ्यात झाली. या आठवड्यात शेतीची थ्री-फेज रात्रीची आहे. अण्णा दारं धरायला गेले होते, बांधापलीकडे उभा ऊस. बिबट्यांच्या या जुन्नर तालुक्यात रात्री उसाच्या कडेला अंधारात उभं राहणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. मोबाइलच्या उजेडात परत आले आणि आल्या आल्या म्हणाले, "तुझ्या त्या बल्बांच्या आयला..." पुढचं लिहीत नाही.

बहीण आली आहे, बरोबर भाचा. त्याचा सल्ला: "मामा, दीडशे रुपयांत एलईडी येते, कशाला डोकं खाजवताय?" खरंय. माझ्याकडे स्वतःला एलईडीच आहे. पण अण्णांना तो पांढरा उजेड चालत नाही. दव पडलं की तो समोर भिंतीसारखा उभा राहतो, आणि ओली माती कुठली, कोरडी कुठली कळत नाही म्हणतात. शिवाय मी मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवायचं आणि बापाची बॅटरी मला चालू ठेवता येऊ नये, हे काही बरं दिसत नाही.

४ नोव्हेंबर

मेलेले पाचही बल्ब सापडले. अण्णा काही टाकत नाहीत. तंबाखूच्या रिकाम्या डबीत साठवले होते, गेले तसे, एकाखाली एक. तारखा आईनं जुळवून दिल्या. दुसरा कोजागरीच्या आदल्या दिवशी लावला हे तिला पक्कं आठवतं, कारण आटवलेल्या दुधात बल्बचं पुठ्ठ्याचं खोकं पडता पडता राहिलं. हिशेब असा निघाला: पहिला ३ रात्री, दुसरा ४, तिसरा २, चौथा ५, पाचवा ७. रोज साधारण अर्धा तास बॅटरी पेटते.

कॉलरवर मार्करनं नंबर घातले आणि घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून बसलो.

एक, दोन, चार, पाच हे एका जातीचे. आतून काळा-चंदेरी मुलामा, आरशासारखा. खिडकीकडे धरला तर उजेड तपकिरी होऊन आरपार येतो. बल्बमध्ये दोन उभ्या तारा असतात, त्यांना जागेवर धरायला काचेचा छोटा मणी असतो आणि वरच्या टोकांवर आडवी फिलामेंटची स्प्रिंग. चौथ्या बल्बमध्ये या मण्याखालची काच स्वच्छ आहे. मण्याची सावलीच पडल्यासारखी, कडा अगदी रेखीव. काळं जे काही उडालं ते तारेपासून सरळ रेषेत उडालं आणि मणी मध्ये आला तिथे अडलं. म्हणजे आत हवा किंवा गॅस फारसा नाही. असता तर कण भरकटले असते आणि काळेपणा वर जमला असता. तुटलेल्या तारेच्या दोन्ही टोकांना टाचणीच्या टोकाहून बारीक गोळे. तार वितळून तुटलीय, धक्क्यानं नाही.

तिसरा मात्र वेगळा. तो काळा नाहीच. आतून दुधट पांढरा, एका बाजूला पिवळसर झाक, तळाशी किंचित निळं. कॉलरच्या काठावर काचेला केसाएवढा तडा. "हा कसा बसवला होता?" विचारलं. अण्णा म्हणाले, "घट्ट बसत नव्हता, पकडीनं दिला एक पीळ."

म्हणजे तिसऱ्याचा खुनी सापडला. तो यादीतून बाहेर. उरले चार.

५ नोव्हेंबर

पांढऱ्या बल्बची खात्री करून घेतली. दुकानात पडलेला एक जुना चालू बल्ब घेतला, चष्मा लावला, काचेवर कानशीच्या कोपऱ्यानं रेघ मारत राहिलो. टिच्च आवाज झाला. मग सप्लायवर, म्हणजे हवं तेवढं व्होल्टेज देणाऱ्या यंत्रावर, पेटवला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तारेतून पांढरा धूर निघाला, उदबत्तीसारखा एक वेढा घेतला आणि काचेला चिकटला. तार गेली. हा टंगस्टनचा ऑक्साइड. पूर्ण जळालं की पांढरट-पिवळं, हवा कमी मिळाली की निळसर.

तेव्हा दुकानात कुणी बल्ब परत आणला तर आधी रंग बघायचा. पांढरा-निळा: आत हवा शिरली, काच किंवा सील गेलं. काळा आरसा: तार स्वतःच उडून काचेवर बसली.

दुसरी गोष्ट का झाली, हा खरा प्रश्न.

६ नोव्हेंबर

आळेफाट्याला बल्ब घेतले त्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "सगळा माल हल्ली असाच येतोय, तुम्ही काय एकटे नाही." असं कुणी म्हटलं की मला बरं वाटतं आणि संशयही येतो. दुसऱ्या दुकानातून दुसऱ्या बनावटीचे दहा घेतले. कॉलरवर तेच, ३.८ आणि ०.३. एक बॅटरीत लावला.

तिथे हॅलोजनचा छोटा बल्बही दाखवला. नको म्हटलं. हॅलोजन काळा पडत नाही तो आतल्या वाफेमुळे: उडालेलं टंगस्टन ती काचेवरून उचलते आणि तारेवर परत नेऊन सोडते. पण त्यासाठी काच अडीचशे अंशांपर्यंत तापलेली लागते. सेल उतरले, बल्ब मंद झाला, काच निवली की तोही काळा पडतो. शिवाय करंट जास्त खातो.

९ नोव्हेंबर

नवा बल्ब नव्या बनावटीचा, आज काळा. तीनच रात्री. अजून गेला नाही, पण वास यायला लागलाय. दुकानदाराची माफी मागायला हवी, मनातल्या मनात का होईना.

बल्ब बदलून फरक पडत नाही, म्हणजे दोष बॅटरीत. अण्णांना विचारलं, पूर्वी बल्ब किती जायचा. "दिवाळी ते दिवाळी." अतिशयोक्ती धरली, तेव्हा ते बॅटरी जपून मारायचे हेही धरलं, तरी तीन रात्री आणि एक वर्ष यात फार अंतर आहे.

मग दसऱ्याला काय बदललं? विचार करत होतो आणि आई भांडी घासता घासता म्हणाली, "खंडेनवमीला हत्यारं पुसलीस तेव्हा तिला पण चकचकीत केलीस की."

केली होती. विसरलोच होतो. जुने सेल आत फुटले होते, स्प्रिंगवर पांढरी बुरशी चढली होती. ते काढून टाकले. आतून पॉलिश पेपर मारला, खटक्याची पत्ती घासली, बुडाची स्प्रिंग नवी घातली. आणि "हे फुटत नाहीत, जास्त चालतात" म्हणून साध्या सेलच्या जागी तीन महागाचे अल्कलाइन सेल घातले. चांगलंच काम केलं होतं. त्या कामावर संशय घ्यायचं माझ्या डोक्यात आलंच नाही.

१० नोव्हेंबर

मीटर. डोकं उघडून बल्बच्या दोन टोकांवर वायरी आणल्या आणि बल्ब पेटलेला असताना व्होल्टेज घेतलं. न पेटता घेतलेल्या आकड्याला अर्थ नाही. सेल रिकामा बसलेला असताना कुणीही पहिलवान असतो.

आत्ता आत असलेले अल्कलाइन (महिना झालेले): उघडे ४.४१, पेटलेले ४.२०.
नवे अल्कलाइन: उघडे ४.८०, पेटलेले ४.५३. वीस मिनिटांनी ४.४६.
नवे साधे झिंक-कार्बन: उघडे ४.७७, पेटताक्षणी ४.३१. अर्ध्या तासानं ४.०४. दोन तासांनी ३.७४.

बल्बवर लिहिलंय ३.८.

तीन सेल गुणिले दीड म्हणजे साडेचार, मग बल्ब साडेचारचा का नाही, हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता. दोन सेलच्या बॅटरीचा बल्ब २.५ चा असतो, तीनचा ३.८ चा, पाचचा ६.२ चा. भागून बघा: प्रत्येक सेलमागे सव्वा व्होल्टच येतो. बल्ब बनवणाऱ्यानं साधा सेल धरला आहे, जो काम सुरू केलं की मान टाकतो. त्याच्या अंगातच अडथळा असतो. करंट ओढला की पाव व्होल्ट आतच खर्ची पडतं. अल्कलाइनच्या अंगात हा अडथळा बराच कमी. तो वाकत नाही आणि सगळा जोर बल्बवर काढतो.

आता चार तारखेचा रात्रींचा हिशेब पुन्हा वाचला. ३, ४, (तिसरा सोडून) ५, ७. सेल जसजसे उतरत गेले तसतसा बल्ब जास्त रात्री टिकला. आकडे पहिल्या दिवसापासून वहीत होते. मी त्यांच्याकडे बघून "बल्बचा माल सुधारतोय" असं समजत होतो.

११ ते १४ नोव्हेंबर

दुकानातल्या सप्लायवर मरेपर्यंत चाचणी. एकाच खोक्यातले सहा बल्ब, दोन-दोन करून तीन व्होल्टेजवर. समोर मोबाइल टेकवून टाइमलॅप्स लावला, म्हणजे कधी गेला हे बघत बसायला नको. (एकदा गिऱ्हाइकानं तोच मोबाइल उचलून "तुमचा फोन चालू राहिला होता" म्हणून बंद करून दिला. तो बल्ब पुन्हा घ्यावा लागला.)

४.५ व्होल्टवर: १ तास ५० मिनिटं आणि २ तास २५.
४.१५ वर: ४ तास ४० आणि ५ तास १०.
३.८ वर: १२ तास ३५ आणि १५ तास ५.

दोनच बल्बांवर कुणी सिद्धांत मांडू नये. पण फिलामेंटच्या बल्बांसाठी पुस्तकात जो नियम देतात, त्याच्याशी हे जुळतंय: आयुष्य व्होल्टेजच्या बाराव्या-तेराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे व्होल्टेज पाच टक्के वाढवा, आयुष्य जवळजवळ निम्मं. दहा टक्के वाढवा, एक तृतीयांश. साडेचार व्होल्ट म्हणजे १८ टक्के जास्त. आयुष्य सातवा हिस्सा. उजेड तेवढ्यानं पावणेदोनपट होतो, म्हणून पहिल्या रात्री अण्णा खूष असायचे.

घात एवढा मोठा का, तर टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी, दोन-सव्वादोन हजार अंशांपासूनच त्याचे अणू सुटायला लागतात. घन असतानाच वाफ. तापमान थोडं वाढलं की वाफ कितीतरी वाढते. त्यात तार सगळीकडे सारखी नसते. जिथे किंचित बारीक, तिथे जास्त तापते. जास्त तापते म्हणून जास्त उडते. जास्त उडते म्हणून आणखी बारीक. शेवटी त्याच जागी तुटते. आणि थंड तारेचा अडथळा गरम तारेच्या दहावा हिस्साच असतो, म्हणून खटका दाबताक्षणी करंटचा लोंढा येतो आणि बारीक झालेली जागा तेव्हाच जाते. "खटका ओढला की चमक" ती ही. थंड बल्ब मीटरवर १.२ ओम दाखवतो. पेटल्यावर हिशेबानं साडेबारा.

४.५ वाले दोन्ही बल्ब भिंगाखाली घेतले. काळा आरसा, मण्याची सावली, तारेला गोळे. डबीतल्या चौथ्याच्या शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत.

१५ नोव्हेंबर

अण्णांना सगळं समजावलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आम्ही तिन्ही सेल एकदम कधी बदलले नाहीत. एक नवा, दोन जुने. अगदीच मंद झाली की काढून उन्हात ठेवायचे."

हे मला लहानपणापासून माहीत होतं. पत्र्यावर वाळत घातलेले सेल, पापड-कुरडयांच्या शेजारी. मला तो कंजूषपणा वाटायचा. आज तसं करून मोजलं: दुकानात पडलेले दोन अर्धे उतरलेले साधे सेल आणि एक नवा. बल्ब पेटलेला असताना ३.६२. लिहिलेल्या आकड्याच्या पाच टक्के खाली, म्हणजे आयुष्य पावणेदोनपट, उजेड फक्त सहावा हिस्सा कमी. वर खटक्याच्या पत्तीवर वर्षानुवर्षांची काट, तिथे आणखी दशांश-दोन दशांश व्होल्ट जायचं. ते मी पॉलिश पेपरनं घालवलं.

(सेल मिसळून घालणं चांगलं नाही हेही खरं. जुना सेल आधी उतरतो आणि तोच फुटतो. स्प्रिंगवरची ती पांढरी बुरशी त्याचीच.)

१६ नोव्हेंबर

पहिला उपाय. ४००७ नंबरचा डायोड, करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा, एक-दोन रुपयांचा, प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या डबीत मूठभर असतो. त्याच्यातून करंट गेला की साधारण पाऊण व्होल्ट तो खातो. अल्कलाइन सेलच्या पुढच्या टोकावर फायबरची चकती, चकतीत डायोड. बल्बवर ३.७४. उत्तम.

डायोड बसवताना हसू आलं. १८८० मध्ये एडिसन याच गोष्टीच्या मागे होता: कार्बनच्या तारेचे दिवे आतून काळे पडायचे आणि तारेच्या एका पायाची स्वच्छ सावली काचेवर राहायची. तार उडते ती एका बाजूनंच का, म्हणून त्यानं दिव्यात आणखी एक सुटी पट्टी घातली, तर मोकळ्या जागेतून तिच्यात करंट यायला लागला, तोही एकाच दिशेनं. त्याचं त्यानं पुढे फारसं काही केलं नाही. इंग्लंडच्या जॉन फ्लेमिंगनं केलं, १९०४ मध्ये, आणि तो पहिला व्हॉल्व्ह डायोड. काळ्या पडलेल्या दिव्यातून निघालेली वस्तू एकशेवीस वर्षांनी मी दिवा काळा पडू नये म्हणून बसवतोय.

दिव्याच्या काळेपणाचं खरं कारण मात्र लँगम्युअरनं शोधलं, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. तोवर सगळे म्हणत होते आत हवा उरते म्हणून. पंप चांगले करा. त्यानं दाखवलं की पंप कितीही चांगला असला तरी टंगस्टन आपोआप उडतंच, उलट आत न जळणारा गॅस भरला तर कमी उडतं. १९१३ पासूनचे गॅसचे बल्ब त्याचे. काचेला चिकटून राहिलेली थोडी पाण्याची वाफही घात करते हे त्याचंच: गरम तारेवर पाणी फुटतं, ऑक्सिजन टंगस्टन घेऊन काचेवर जातो, तिथे हायड्रोजन तो ऑक्सिजन परत घेतो, टंगस्टन काचेवर आणि पाणी पुन्हा मोकळं. तेच पाणी पुन्हा फेऱ्या मारतं. एकच बैल, रात्रभर मोट.

२३ नोव्हेंबर

डायोडवाला बल्ब स्वच्छ आहे. पण अण्णा नाखूष. सेल थोडे उतरले आणि बल्बवर ३.४ आलं, "पिवळी झाली, जीव नाही हिच्यात." सेल उतरले तरी डायोड आपला हिस्सा सोडत नाही, हा त्याचा दोष. आणि मोठे अल्कलाइन दर दीड-दोन महिन्यांनी घेणं परवडत नाही.

दुसरा उपाय: १८६५० मापाचा एक लिथियम सेल, आत कटऑफ सर्किट असलेला. भरलेला ४.२, मधला बराच काळ ३.७ च्या आसपास. बल्ब ३.८ चा. बसवलेला असा: एक इंची पीव्हीसी पाइप बाहेरून ३२ मिलिमीटर, मोठा सेल ३४ चा, म्हणजे नळीत सैलसर बसतो. त्याचा साडेचार इंची तुकडा, दोन्ही टोकांना लाकडी बूच, बुचात पितळी स्क्रू, आतून वायर. हा डमी. उरलेल्या जागेत लिथियम सेल, त्याला जाड पुठ्ठ्याची गुंडाळी. चार्जिंग बाहेर काढूनच. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला, इतिहास माहीत नसलेला सेल बापाच्या हातातल्या पितळी नळीत घालायचा नाही, एवढं पथ्य.

सेल रोज संध्याकाळी चार्जिंगला लावायचं आईनं अंगावर घेतलं. देवाला दिवा लावायची वेळ तीच सेलची.

३ डिसेंबर

दहा रात्रींत काळा. आज गेला.

सकाळपासून चिडचिड. दुपारी हिशेब केला. अर्धा तास, ०.३ अँपिअर: रोज दीडशे मिलिअँपिअर-तास. सेल २६०० चा. म्हणजे आम्ही रोज सहा टक्के वापरतो आणि संध्याकाळी तो पुन्हा काठोकाठ भरतो. सेल ३.७ वर कधी उतरतच नाही. बल्बला रोज ४.१५ ते ४.१. आईची शिस्त बल्बला भोवली.

चाचणीत ४.१५ वर पाच तास आले होते. दहा रात्री गुणिले अर्धा तास. मिनिटाचाही वाद नाही.

८ डिसेंबर, रविवार

दोन बदल.

एक, चार्जिंग फक्त रविवारी. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग आठवण कशी राहायची?" कॅलेंडरवर खुणा केल्या.

दोन, डमीच्या आतली वायर काढून तिच्या जागी एक ओमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टन्स सोल्डर केला. तपकिरी, काळा, सोनेरी पट्टा. बल्ब पेटला की त्यात पाव ते तीन दशांश व्होल्ट जातं. भरलेल्या सेलवर बल्बला ३.८४, आठवड्याच्या शेवटी साडेतीनच्या आसपास. खटका दाबतानाचा लोंढाही निम्म्यावर येतो, कारण थंड तारेच्या १.२ ओममध्ये आणखी एक मिळाला. डायोडपेक्षा हे बरं एवढ्यासाठी: करंट कमी तर खाणंही कमी.

जुन्या सेलच्या अंगात जो अडथळा होता आणि जो मी खंडेनवमीला घासून-बदलून घालवला, तोच आता पाइपच्या तुकड्यात घालून परत ठेवलाय. किंमत एक रुपया.

बल्ब नंबर चौदा लावला. हातानं फिरवून, पक्कड अण्णांपासून लांब ठेवली आहे.

२२ डिसेंबर

सात तास झाले. काच स्वच्छ. भिंगातून बघितल्यावर मण्याच्या कडेला अगदी पुसट रेघ, आहे असं वाटलं तर आहे.

१२ जानेवारी २०२५

साडेसतरा तास. काच किंचित चहाच्या पाण्यासारखी. थंडी जोरात, पहाटे धुकं. अण्णा झोताबद्दल काही बोलले नाहीत. म्हणजे ठीक आहे.

बुडाचं झाकण उघडून स्प्रिंगच्या आत एक जादा बल्ब कापसात गुंडाळून ठेवला. पूर्वी कंपन्याच तिथे जागा द्यायच्या. या बॅटरीतही कंगोरा आहे, रिकामा होता.

२६ जानेवारी

साडेचोवीस तास. झोत तांबूसकडे. तार भिंगाखाली पाहिली: एका वेढ्यावर उजळ ठिपका, बाकीच्यांपेक्षा पांढरा. तिथेच जाणार. बदलू का विचारलं. "चालतोय तोवर चालू दे."

५ फेब्रुवारी

सकाळी वही ओट्यावर उघडी सापडली. खाली अण्णांच्या अक्षरात, पेन्सिलीनं:

"काल रात्री २ वा. बल्ब गेला. बुडातला लावला. हातानेच. खालच्या चार वाफ्यांना पाणी झालं, वरचे दोन राहिले, लाइट गेली."